जुन्या चित्रकथांची पारख

घरांतील जुन्या वस्तूंची पारख हा या सदराचा नेहमींचा विषय. भांडीं, नाणीं किंवा शालू यांच्याविषयीं आम्ही लिहितों तेव्हां वाचकांचें कुतूहल आपोआपच जागें होतें. आजचा विषय मात्र कांहीं वडीलधाऱ्यांस पोरकट वाटेल. अमेरिकेंत एके काळीं मुलांसाठीं दहा सेंटांस विकलेल्या चित्रकथांच्या चोपड्यांना आज लक्षावधि डॉलर मोजले जातात, आणि त्यांचा दर्जा ठरविण्याची एक स्वतंत्र विद्याच तेथें उभी राहिली आहे. ही विद्या पोरकट नाहीं. आपल्या मालकीच्या वस्तूकडे परक्याच्या डोळ्यांनीं कसें पाहावें, याचा तो एक उत्तम पाठ आहे.

प्रथम या किंमतीचें गूढ पाहूं. ज्यांत 'सुपरमॅन' प्रथम अवतरला तो 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८ चा. किंमत दहा सेंट. त्याची एक प्रत २०२४ सालीं ६० लाख डॉलरांस गेली. 'स्पायडरमॅन'ची पहिली कथा ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५ व्या अंकांत आली. त्याची जवळजवळ निर्दोष अशी एक प्रत २०२१ सालीं ३६ लाख डॉलरांस विकली गेली; त्याच अंकाच्या फाटक्या, झिजलेल्या प्रतींस मात्र त्या रकमेचा शंभरावा हिस्साही मिळत नाहीं. कथा तीच, चित्रें तींच. अंतर केवळ अवस्थेचें. मुलांनीं हे अंक खिशांत गुंडाळून नेले, एकमेकांस दिले, महायुद्धाच्या काळांत ते रद्दींत गेले. ज्या प्रतीवर कोणाचें फारसें प्रेम बसलें नाहीं, तीच आज सर्वांत महाग ठरावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

दर्जा मोजण्याची भाषाही मोठी मौजेची आहे. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनीं १९७० सालीं किंमतींची मार्गदर्शिका काढली, आणि पुढें विक्रेत्यांच्या व संग्राहकांच्या बोलण्यांत तिचे शब्द रूढ झाले. आज अर्ध्या गुणापासून दहा गुणांपर्यंत मोजमाप चालतें. त्यांत 'गुड' म्हणजे चांगलें, या शब्दाचे गुण किती? दहांपैकीं अवघे दोन! 'फाइन' म्हणजे सहा, आणि 'नियर मिंट' म्हणजे ९.४. शब्दानें फसूं नये, आंकडा पाहावा, हा पहिला धडा येथेंच मिळतो.

परीक्षक आधीं बाहेरून पाहतो. मुखपृष्ठाची चकाकी टिकली आहे काय, कोंपरे टोंकदार आहेत कीं बोथटले आहेत, कण्यावर रंग उडालेल्या बारीक आडव्या सुरकुत्या किती, तारेच्या टांक्यांस गंज चढून तो कागदांत उतरला आहे काय. नंतर कागद. या चोपड्या हलक्या वृत्तपत्री कागदावर छापलेल्या. त्या कागदांतील आम्लानें तो कांठांपासून पिवळा, मग तपकिरी होत जातो, आणि शेवटीं हात लावतांच तुटूं लागतो. सर्वांत शेवटीं पानें मोजावयाचीं, आणि हें काम कधींही चुकवूं नये. नोव्हेंबर १९७४ च्या 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८१ व्या अंकांत 'वुल्व्हरिन' हें पात्र प्रथम पूर्णरूपानें आलें. त्याच अंकांत मुलांनीं कापून वहींत चिकटवावें म्हणून एक चित्र-तिकीट छापलें होतें. आज्ञाधारक मुलांनीं तें कापलें. बाहेरून आरशासारखी दिसणारी प्रत त्या एका लहानशा चौकोनी भोकानें आपल्या किंमतीचा मोठा भाग गमावून बसते.

आपल्या गृहिणींस व गृहस्थांस जें सर्वांत विचित्र वाटेल तें पुढेंच आहे. आपल्याकडे फाटलेलें सांधणें हें सद्गुणाचें लक्षण. येथें मात्र फाटक्या पानास लावलेली चिकटपट्टी हा नवा दोष ठरतो. कारण तिचा डिंक कालांतरानें पिवळा पडून कागदांत मुरतो. उडालेल्या रंगावर कुंचला फिरविणें किंवा झिजलेले कांठ कात्रीनें सारखे करणें, हें तर झांकून ठेवल्यास सरळ फसवणूकच. उघड सांगितलेली दुरुस्ती किंमत कमी करते. लपविलेली दुरुस्ती विकणाऱ्याची पत घालविते.

आणि येथेंच या विद्येचें मर्म आहे. पूर्वीं दर्जा विकणाराच सांगे. आतां, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, हा न्याय सर्व देशांत सारखाच. स्वतःच्या प्रतीवरील सुरकुती मालकास दिसत नाहीं, आणि तीच प्रत दुसऱ्याची असली कीं पहिल्याच नजरेंत दिसते. म्हणून २००० सालापासून त्रयस्थ संस्था प्रत तपासून, गुण देऊन, पारदर्शक पेटींत बंद करूं लागल्या. परंतु २०२३ च्या अखेरीस उघडकीस आलें कीं, कांहीं लबाडांनीं अशा पेट्यांत उच्च गुणांच्या चिठीमागें हलक्या प्रती घातल्या होत्या. पेटी हें साधन आहे. डोळ्यांचा आळस तिनें भागत नाहीं.

आपल्या घरांचाही या विषयाशीं संबंध आहे. मुंबईहून १९६४ सालीं 'इंद्रजाल कॉमिक्स' निघूं लागलें, ज्यांतील फँटम मराठी मुलांस वेताळ म्हणून ठाऊक. १९६७ सालीं अनंत पै यांची 'अमर चित्रकथा' आली. अमेरिकेंतील डेन्व्हरच्या एडगर चर्च या चित्रकाराचा, १९७७ सालीं विक्रीस निघालेला प्रचंड संग्रह तेथील कोरड्या, थंड हवेनें जवळजवळ नव्यासारखा राखला होता. आमच्या किनाऱ्यावर चार महिने दमट हवा, आणि वर कसर. तेव्हां माळ्यावर असे अंक सांपडले तर ते कोरड्या जागीं, उन्हापासून दूर, न दुमडतां ठेवावे; भिंतीस टेकवूं नयेत; चिकटपट्टीस हातही लावूं नये.

एकत्र कुटुंबांत अशा अंकांवर बहुधा कोणा काकाचें किंवा आत्याचें नांव शाईनें लिहिलेलें असतें. गुण देणारा त्या नांवाबद्दल गुण कापील, आणि त्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. घरास त्या नांवाचें मोल वेगळें वाटेल, आणि तेंही खोटें नव्हे. मात्र हीं दोन मापें एकमेकांत मिसळूं नयेत. ठेवावयाचें असेल तर नांवासाठीं खुशाल ठेवावें. विकावयाचें किंवा वांटणींत धरावयाचें असेल, तर दुसऱ्याची वस्तु घेतांना जी नजर आपण लावतों, तीच आपल्या वस्तूस लावावी, आणि दिसलेला प्रत्येक दोष आपणच आधीं सांगावा.