चूल एक, कार्ड दोन

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय, म्हातारपणाची सोय, एका बँकेच्या दारात ठरला. मुरबाडच्या बाजारात आकाशकंदील लागले होते, भात अजून खाचरात आडवं पडलेलं. एका आजींनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून पासबुक काढलं, अंगठा मशीनवर ठेवला. उमटला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला, चारदा. पन्नास पावसाळे लावणी केलेल्या बोटाला रेघा उरतात कुठं? “आजी, उद्या या.” एसटीला अर्धं तिकीट, एवढंच बरं.

श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये काढायला त्या आल्या होत्या. ते मिळायचे तर वय ६५ आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. घरातला पोरगा एमआयडीसीत दोन महिने हेल्पर लागला, की ही मर्यादा संपली. मग रेशनकार्ड फुटतं. कागदावर लेक वेगळा, म्हातारी वेगळी. भाकरी एकाच तव्यावरची. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी २१ हजारांत वर्ष काढून दाखवावं. खंत एवढीच, की कागदावर वेगळी झालेली काही घरं पुढे खरीच वेगळी झाली.

गंमत पुढेच आहे. लाडकी बहीण योजनेतही १५००च मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची ६५. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी पात्र असलेली बाई, पासष्टी उलटली की, घरात काहीही न बदलता अपात्र ठरू शकते. सुनेचा हप्ता चालू, सासूचा बंद. त्या महिन्यापासून त्या घरात चहाला कोण कुणाला विचारतं, हे कुठल्या अर्जात लिहायचं?

शहापूरकडे गुरुजींच्या घरांत उलटं चित्र. निवृत्त बापाला पेन्शन, वर महागाई भत्ता. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागल्याने तिला मुकलेला मुलगा मार्च २०२३च्या संपात जुन्या पेन्शनसाठी घोषणा देऊन आलेला. नातवाच्या फीला आजोबाच उभे राहतात. कारखान्यातून बाहेर पडलेल्यांची ईपीएस ९५ची किमान पेन्शन २०१४पासून १०००वरच अडली आहे.

बाकीच्यांचं म्हातारपणाचं नियोजन म्हणजे सातबारा. मुलं म्हणतात, “बाबा, आमची नावं चढवा.” बाबा म्हणतात, “मी गेल्यावर वारस लागतीलच की.” शहरातला सल्लागार याला अडाणीपणा म्हणेल, आम्हाला यात पुरेपूर हिशेब दिसतो. जमीन नावावर आहे तोवर ताटात वाढणारा हात आखडत नाही.

आजी निघाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात नातवासाठी फुलबाज्यांची दोन पाकिटं घेतली. पैसे? “उद्या अंगठा लागला का देते.” दुकानदाराने वहीत लिहून घेतलं.