खोली नाकारणाऱ्याला कारण लिहून मागा



संकल्पदिनाला मोलगीहून आम्ही चौघे बडोद्याला गेलो होतो. रात्री एका लॉजवर खोली मागितली. आहे म्हणाले. आधारकार्डे घेतली, आडनावे वाचली, पत्ता वाचला आणि तीच खोली 'आत्ताच बुक झाली'. शिवी कोणी दिली नाही, आजकाल देत नाहीत. रात्र स्टेशनवर काढली.

याच बडोद्यात १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी. मग रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहिले गेले आणि रोजच्या दीड रुपयात वरच्या मजल्यावरची एक लहान खोली मिळाली. शेजारच्या दिवाणखान्यात मोडक्या खुर्च्या आणि फळ्यांची अडगळ, उजेडाला एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. आठ दिवसांची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. एक मित्र हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी सोय होईना. मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला.

नाव खोटे लिहिले म्हणून बाबासाहेबांना दोष देणारे आजही भेटतात. खरे नाव लिहून खोली मिळेल अशी एक जागा तरी त्यांनी दाखवावी!

आता लंडन पाहा. जुलै १९४३. त्रिनिदादचा विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन याने इम्पिरियल हॉटेलात चार रात्रींचे आरक्षण केले होते. कुटुंबासह तिथे पोहोचल्यावर एकच रात्र राहता येईल असे सांगितले, कारण रंग काळा. तो कोर्टात गेला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई अवघी पाच गिनी, पण प्रवाशाला सबळ कारणाशिवाय परत पाठवता येत नाही हा तिथला जुना कायदा त्याच्या मागे उभा राहिला. बडोद्यात बाबासाहेबांच्या मागे असा कोणता कायदा होता?

आपल्या मागे आहे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये 'हॉटेल' हा शब्द स्पष्ट आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला तिथे अडवता येत नाही. कलम १५(१) सरकारला बांधते, १५(२) काउंटरवरच्या माणसालाही. त्यामुळे 'आमची खासगी जागा, आमची मर्जी' हे उत्तर चालत नाही.

आमचीही चूक झाली. चौघांपैकी एकानेही कारण लिहून मागितले नाही, गुपचूप पिशव्या उचलल्या. पुढच्या महिन्यात मोलगीची पाच पोरे परीक्षेला जाणार आहेत. प्रत्येकाच्या खिशात कलम १५(२) ची छापील प्रत आणि एक कोरा कागद देतो आहे. त्या कागदावर लॉजवाल्याने नकाराचे कारण लिहून सही करायची आहे.