दोष मनाचा की ताटाचा?

घरातील एखादी सून उदास झाली, विसरू लागली, क्षुल्लक कारणावरून चिडू लागली, की आपल्या समाजात दोनच निदाने तत्परतेने पुढे येतात: एक तर तिचा स्वभावच वाईट, नाही तर दैवी कोप. मग देवळात कौल लावला जातो. कौलास आमचा विरोध नाही. परंतु तिच्या ताटात काय पडते हे कोणीच विचारू नये, हे आम्हांस अक्षम्य वाटते.

छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू पित्याच्या आज्ञेने पंधरा दिवस अन्नाविना राहतो. तेव्हा पाठ असलेले वेदही त्याला आठवेनासे होतात, आणि जेवल्यावर ते पुन्हा स्फुरतात. ज्यांच्या धर्मग्रंथात ही कथा आहे, त्यांनीच मन अन्नावाचून चालते असे मानावे काय?

अन्नातील जस्ताचेच पाहा. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणातील शिराझ येथे गेले. तेथे वाढ खुंटलेले, मंद व निरुत्साही तरुण त्यांना आढळले. त्यांचा आहार बहुतांशी न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता. पुढे १९६३ साली इजिप्तमधील अशाच रुग्णांत जस्ताची उणीव सिद्ध झाली. स्मृती व भावना यांच्याशी निगडित अशा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात काही मज्जातंतू संदेशाबरोबर जस्त सोडतात आणि उत्तेजनाला आवर घालतात. उदासीनतेच्या विकाराने पीडित व्यक्तींच्या रक्तात जस्त सरासरीने कमी आढळते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून २०१३ साली दिसून आले. उणिवेमुळेच विकार होतो, असे यावरून ठरत नाही. पण ताटाकडे दुर्लक्ष करण्याची सबब मात्र उरत नाही.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, “आमच्या आजीला जस्त कुठे ठाऊक होते?” नव्हते; परंतु कडधान्यास मोड आणणे व पीठ आंबवणे तिला ठाऊक होते. धान्य-कडधान्यांतील फायटिक आम्ल जस्ताला बांधून ठेवते. मोड आणल्याने व आंबवण्याने त्याचे प्रमाण घटते. मोडाच्या मुगांची गाठी, आंबोळी, इडली यांत हेच शहाणपण होते. ते टाकून आपण बिस्किटे व मैदा घरात आणला, आणि वर परंपरेचा अभिमान मिरवतो!

उपवासाचे तर विचारूच नये. आठवड्याचे दोन-तीन वार धरायचे आणि साबुदाण्यावर राहायचे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात जस्त जवळजवळ नाहीच. आणि इतर दिवशी सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवायचे! भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीस दररोज १३.२ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली आहे. शरीरात त्याचा वेगळा साठा राहत नाही; ते नित्य मिळावे लागते. मत्स्याहारी घरांत कालवे आहेत. शाकाहाऱ्यांना तीळ, काजू, शेंगदाणे, हरभरे आहेत.

यावरून कोणी गोळ्यांच्या मागे लागू नये. अति जस्ताने शरीरातील तांबे घटून मज्जातंतूंना इजा होते. उदासीनतेची कारणेही अनेक असतात. म्हणून वैद्यकीय तपासणीस पर्याय नाही.

देवस्थानांच्या समित्यांनी महाप्रसादात मोडाच्या उसळीला मानाचे स्थान द्यावे, आणि घराघरांत सुनेचे पान सासूच्या पानाशेजारी, एकाच पंगतीत मांडले जावे. अन्नपूर्णेची पूजा करणाऱ्या घरात स्त्रीने अर्धपोटी राहावे व वर तिच्याच मनाला दूषण द्यावे, हा अधर्म होय.