जे आजारी पडले नाहीत

पहिले दोन-चार पाऊस झाले की आपल्या जिल्ह्यातले फोन वाजू लागतात. जून 2024 च्या अखेरीस नायगाव तालुक्यातल्या मुगाव तांड्यावर, अवघ्या 107 घरांच्या वस्तीत, विहिरीच्या पाण्यामुळे 93 जणांना जुलाब-उलट्या झाल्या. विहीर बंद करून पाण्याची दुसरी सोय झाली. भोकरकडच्या तांड्यावर उद्या हेच घडलं तर आरोग्य पथक काय करील, ते आपण डोळे मिटून सांगू शकतो: ओआरएस, सलाईन, पाण्याचे नमुने, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि रुग्णांची यादी. यादी रुग्णांचीच.

1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉक्टर जॉन स्नोनं कॉलऱ्याच्या मृत्यूंचा नकाशा मांडला, हे आपण पाठ केलेलं आहे. पण तिथल्या हापशाच्या पाण्यातूनच साथ पसरली, या त्याच्या म्हणण्याला बळ आलं ते न मेलेल्यांमुळे. शेजारच्या गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) 535 माणसं, त्यांतली पाचच दगावली. तिथं स्वतःची विहीर होती. बिअरच्या कारखान्यातल्या सत्तर कामगारांपैकी एकही गेला नाही. ते त्या हापशाकडे फिरकतच नसत.

आपल्याकडे असे निरोगी लोक शोधायला लांब जायला नको. आखाड्यावर राहून शेतातल्या बोअरचं पाणी पिणारं कुटुंब असतं. नळाच्या शेवटच्या टोकाचं घर असतं, जिथं पाणी येतच नाही म्हणून दुसरीकडून भरतात. तेही ठणठणीत असतील तर संशय नळाच्या पाण्यावर, आणि मग टाकीबरोबर व्हॉल्वचा खड्डाही उघडून बघावा. पुरवठा बंद असताना त्यात साचलेलं गटाराचं पाणी गळक्या पाइपात ओढलं जातं. क्लोरीनची ओटी टेस्ट टाकीखाली पिवळी आली म्हणून शेवटच्या नळावरही येईलच असं नाही.

स्नोचं म्हणणं खोडायला निघालेला हेन्री व्हाइटहेड हा ब्रॉड स्ट्रीटच्याच वस्तीतला धर्मगुरू. मृत्यूच्या नोंदींत त्याला तिथल्या 40 क्रमांकाच्या घरातलं, जुलाबानं गेलेलं बाळ सापडलं, आणि घरोघरी ओळख असल्यामुळे बाळाच्या आईला विचारताही आलं. बाळाच्या दुपट्यांचं पाणी ज्या शोषखड्ड्यात जाई, तो हापशाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता आणि त्या खड्ड्याचं विटांचं बांधकाम खिळखिळं झालेलं होतं. आपल्या तांड्यावरचं असं घर आशाताईला पथक येण्याआधीच माहीत असतं. आपण तिच्याकडे फक्त यादी मागतो.