जुना रुपया घासू नका

चांदीचा जुना रुपया काळा पडला की चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासण्याचा रिवाज बंद व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो काळेपणा मळ नव्हे; हवेतील गंधकामुळे चांदीवर चढलेला थर आहे. घासल्याने चांदीच झिजते, ओरखडे उठतात. १९४० पूर्वीच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी. सराफ तेवढ्याचेच पैसे देतो. संग्राहक मात्र मूळ टाकसाळी झळाळीचे दाम मोजतो. एकदा धुतलेले कापड कोरे म्हणून विकता येत नाही, तसेच हे. धूळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा. बांधवांनो, काळा रुपया काळाच दाखवा. जाणकार गिऱ्हाईक त्याचीच कदर करते.