रोलर सायलेन्सरवर फिरतो, विष बॉनेटखाली गळतं

एक बातमी मी आजवर किमान दहा वेळा दिली असेल. पोलिसांनी कर्कश सायलेन्सर जप्त केले, चौकात रांगेत मांडले आणि वरून रोलर फिरवला. फोटो छान येतो, शीर्षक तर तयारच असतं. पण या हिवाळ्यात जे अनुभवलं त्यानंतर वाटतं, आपण गाडीच्या चुकीच्या टोकाकडे बघतोय.

लग्नाहून रात्री परत येत होतो. ओळखीतल्या एका पोराची जुनी झेन. आम्ही चौघं, थंडी म्हणून काचा वर. कंपनीचा मेनिफोल्ड काढून त्याने चार नळ्यांचा हेडर बसवून घेतलेला. त्या नादात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला. तासाभरात डोकं जड झालं, मागे बसलेल्या वहिनींना मळमळायला लागलं. आम्ही लग्नातल्या जेवणाला नावं ठेवली! चहाला उतरलो, जरा बरं वाटलं. परत बसलो, परत तेच. तेव्हा कुठे काचा खाली केल्या.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रींकडे बॉनेट उघडलं. थंड इंजिन चालू करताच टिकटिक आवाज. गरम झाल्यावर तो कमी झाला, कारण धातू तापून फुगतो आणि फट जवळपास मिटते. इंजिनचं हेड आणि हेडर जिथे जुळतात, तिथे काजळी. उघडलं तर आत जुनंच गॅस्केट, त्यावर लाल सिलिकॉन थापलेलं आणि ते जळून भुगा झालेलं.

मिस्त्री म्हणाले, "हे इथं चालतच नाही. ऑइल चेंबरचं काम वेगळं, हे वेगळं."

खरंच आहे. असलं सिलिकॉन साधारण 300 अंशांच्या आसपास टिकतं. हेडरच्या तोंडाशी धूर 600-700 अंशांवर जातो. त्यात नळ्या वेल्डिंग करताना फ्लँज वाकतो. तो सपाट आहे का हे पट्टी आणि फिलर गेज लावून बघायचं, वाकला असेल तर फेस मारून घ्यायचा. गॅस्केट नवं आणि स्टीलच्या थरांचं घ्यायचं, खराब स्टड बदलायचे, नट मधून सुरू करून दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळायचे. इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा तपासायचं. अर्ध्या दिवसाचं काम. आपल्याकडे ते तासात उरकतात.

फटीतून येतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बॉनेटखालून तो हवेच्या झडपेतून, वायरींच्या भोकांतून केबिनमध्ये शिरतो. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता आपली यंत्रणा बघा. पीयूसीवाला नळी घालतो ती शेपटाला; पुढच्या फटीतून गेलेला धूर त्याच्या यंत्राला दिसतच नाही. पोलीस आवाज ऐकतात तोही मागचा. कायदा आहे, नाही असं नाही. कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड भरून पोरगं करतं काय? त्याच गॅरेजमध्ये जाऊन मूळ मेनिफोल्ड परत बसवतं. जुनंच गॅस्केट, वर तेच लाल सिलिकॉन. आवाज गेला, विष राहिलं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोलिसांनी आणि आरटीओने अशी गाडी पकडली की बॉनेटही उघडून बघावं, आणि मूळ भाग नव्या गॅस्केटसह नीट बसल्याशिवाय ती सोडू नये. तालुक्याच्या आयटीआयने गॅरेजवरच्या पोरांसाठी रविवारी एक दिवसाचा वर्ग घ्यावा. त्या पोरांना मी दोष देत नाही. बघून बघून शिकलेली ती, त्यांना हे कुणी सांगितलंच नाही.

आणि आपण? सकाळी थंड गाडी चालू करताना बॉनेट उघडून टिकटिक ऐका, काजळी बघा. गाडीत बसलं की डोकं दुखतं आणि उतरलं की थांबतं, असं होत असेल तर जेवणाला नावं ठेवू नका. काचा खाली करा, गाडी थांबवा, बाहेर पडा. त्रास वाटला तर दवाखान्यात जा आणि गाडीत धूर येतो हे डॉक्टरांना सांगा.

त्या रात्री थंडी अजून जरा जास्त असती, तर आम्ही काचा खाली केल्याच नसत्या. मग बातमी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागली असती.