पेंढा भरलेला वाघ आणि जिवंत रानडुक्कर

ग्वाल्हेरला जाणारा मराठी माणूस जयविलास राजवाडा पाहिल्यावाचून परतत नाही. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी उभारलेल्या या वास्तूतील संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. प्रेक्षक त्यांच्यापुढे थबकतात. रानडुकराच्या वाट्याला असे कौतुक क्वचितच आले. घोड्यावरून भाल्याने त्याला मारणे हा संस्थानिकांचा आणि इंग्रज घोडदळाचा आवडता खेळ. बालवीर चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी त्यावर १८८९ साली ग्रंथच लिहिला. मारलेल्या डुकराचे मुंडके तेवढे भिंतीवर चढे.

पेंढा हा शब्दही आता नावापुरताच उरला आहे. कातडे सोलून, मीठ लावून, कमावून ते साच्यावर चढवितात. डोळे काचेचे बसवितात. रानडुकराच्या बाबतीत कारागिराची कसोटी लागते ती नाकाडापाशी. ज्या नाकाडाने ते जमीन उकरते, ते सुकले की आक्रसते. खालच्या सुळ्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग जबड्यात दडलेला असतो आणि वरच्या सुळ्यावर घासून त्याला सतत धार येते. सुळ्याची खरी लांबी तो उपटून दिवाणखान्यात मांडणाऱ्यालाच ठाऊक; ज्याची त्या जनावराशी वाटेत गाठ पडते, त्याला बाहेरचा तुकडा पुरेसा होतो!

याच ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नवव्या शतकात चतुर्भुज मंदिर उभे राहिले, तेव्हा तेथे मिहिरभोज प्रतिहाराचे राज्य होते आणि त्याची नाणी ‘आदिवराह’ हे बिरुद मिरवीत होती. पुढे ग्वाल्हेर संस्थानात मोडलेल्या विदिशेजवळच्या उदयगिरीच्या लेण्यात गुप्तकालीन वराह भूदेवीला दाताच्या आधाराने उचलून उभा आहे. आमच्या किनाऱ्यावरही ज्यांची सत्ता होती त्या बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराहच. अवताराला हात जोडणारा आमचा समाज त्या प्राण्याचे नाव मात्र शिवीसारखे वापरतो.

सत्तरी, सांगे, काणकोण येथील शेतकऱ्याला हा इतिहास ऐकविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय, हे आम्ही जाणतो. माद्यांचा कळप पिलांसह एका रात्री शेतात शिरला की पिकाची नासधूस होते. मादी सुमारे चार महिन्यांत वितें, एका वेळी चार-सहा पट्टेदार पिले होतात. कंद, मुळे, किडे, मेलेले जनावर, काहीही तिला चालते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या प्राण्याला निसर्गाने आवर घातला होता तो वाघ-बिबट्यांचा. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावली येथे एक वाघीण व तिची तीन पिले मृतावस्थेत सापडली. ती विषाने मारली गेली होती. डुकरांच्या उपद्रवाचा आक्रोश करणाऱ्या आपल्या राज्याने त्यांचा शत्रूच संपू द्यावा, याला काय म्हणावे?

रानडुकराला उपद्रवी ठरवून मारण्याची मोकळीक द्यावी, अशी मागणी होते. २०१६ साली केंद्राने उत्तराखंडात तशी सवलत वर्षभरासाठी दिलीही होती. ठरावीक गावांपुरती, वनखात्याच्या देखरेखीखाली मर्यादित शिकार करण्यास आमचा विरोध नाही. सरसकट मोकळीक मात्र घातक ठरेल, कारण तिच्या आडून गावठी स्फोटके आणि तारेचे फास वाढतील, आणि फासाला डुक्कर कोण, बिबट्या कोण हे कळत नाही. २०२० च्या मे महिन्यात केरळात एक गाभण हत्तीण स्फोटक भरलेले फळ खाऊन तडफडून मेली. असे आमिष तेथे डुकरांसाठीच ठेवले जाते.

शिंद्यांच्या शिकारीचे जंगल असलेल्या शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ उरले नव्हते. २०२३ साली तेथे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले. म्हादईतील वाघाला जगविण्याचे काम त्याहून सोपे आहे, आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्याला पंचनाम्यासाठी हेलपाटे न घालायला लावणे हे तर नव्या कायद्यावाचून उद्यापासून होण्यासारखे आहे. वनखाते आणि कृषिखाते यांनी त्यासाठी एकमेकांकडे बोट दाखविणे आधी थांबवावे.